रेडिओ लागेपर्यंत

जनुभाऊंनी रेडिओचा कान पिळला आणि आम्ही सगळे सनईची वाट बघू लागलो.

सनई आली नाही. जनुभाऊंनी रेडिओवर एक थाप मारली. मग कान लावून ऐकल्यासारखं केलं. मग दुसरी थाप. रेडिओ म्हणजे नुसता लाकडी खोका होता, त्याच्या पोटात काहीच नव्हतं. सनई वाजायची ती माझ्या लॅपटॉपमधून, आणि माझ्या लॅपटॉपचा पडदा त्या क्षणी निळाशार पडला होता.

"सर!" परागची हाक आली. "सनई!"

"येतेय," मी म्हणालो. ती येत नव्हती हे मला समोर दिसत होतं.

"बाहेरगावाहून निघालीय का, सर?"

सगळे हसले. मीही हसलो.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, कऱ्हाडातली. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमच्या हौशी मंडळाची तालीम चालायची. पराग वाळिंबे बँकेत नोकरीला होता. नाटक त्यानंच लिहिलं होतं आणि तोच बसवत होता. कॉलेजात शिकत असताना तो माझ्याकडून पुस्तकं न्यायचा; मी तिथला ग्रंथपाल. मी निवृत्त झाल्यावर तो एकदा रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "सर, तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना? मग पार्श्वसंगीत तुम्ही." माझ्यात त्याला काय दिसलं ते मी कधी विचारलं नाही. बहुधा लॅपटॉपच दिसला असावा. पण चेहऱ्याला रंग न लावता, चार लोकांत एक शब्दही न बोलता नाटकात राहता येत होतं. मला ते पुष्कळ होतं.

नाटकात माणसं दोनच. दिवसभर एकमेकांशी भांडणारं एक म्हातारं जोडपं. म्हातारा जनुभाऊ कुंभोजकर. एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या कर्ण्यातून त्यांचा आवाज साऱ्या तालुक्यानं ऐकलेला. म्हातारी इंदुताई माळवदे. त्यांनी निम्म्या गावाला बाराखडी शिकवलेली, म्हणून त्यांना सगळे बाई म्हणत. नाटकात तीनदा रेडिओ लागायचा: सकाळी सनई, दुपारी शेतीचा कार्यक्रम, संध्याकाळी बातम्या. दर वेळी रेडिओ जरासा वाजला की म्हातारा तो बारीक करायचा आणि एक लांबलचक भाषण सुरू करायचा. ती तीन भाषणं म्हणजेच नाटक, असं पराग म्हणायचा.

लॅपटॉप माझ्या मुलीनं वापरून मला दिलेला. त्याची बॅटरी गेली होती, झाकणाची बिजागरी मोडली होती. मी मागे शब्दकोशाचा एक जाडा खंड उभा करून झाकण त्याला टेकवत असे. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत त्याला वेळ लागायचा, आणि किती लागेल याचा नेम नसे. जरा आधीच दाबावं, तर एकदा जनुभाऊ खुर्चीतून उठायच्या आतच रेडिओ लागला होता. "अगं बाई, भुताटकी!" असं त्यावर बाई म्हणाल्या होत्या आणि पुढची पंधरा मिनिटं तालीम झाली नव्हती. तेव्हापासून जनुभाऊंचा हात रेडिओला लागल्याशिवाय मी बटण दाबत नसे, आणि एकदा दाबलं की पडद्यावरचं ते गोल फिरणारं चक्र थांबेपर्यंत मान वर करत नसे. देवळात डोळे मिटून बसावं तसा बसायचो.

त्या दिवशी चक्रही आलं नाही.

चहा आला तेव्हा पराग म्हणाला, "नवा घेऊ या. स्पर्धा तोंडावर आलीय. सांगलीत परीक्षकांसमोर हा असा निळा पडला तर नाटक तिथंच संपलं."

"नवा कशाला?" जनुभाऊ म्हणाले. "दुरुस्त होईल की."

"भाऊ, म्हातारा झालाय तो."

"म्हातारा झालाय, मेला नाही."

"मी लॅपटॉपबद्दल बोलतोय."

"मी कुणाबद्दल बोलतोय मग?" जनुभाऊंनी चहा बशीत ओतला. "आमच्या डेपोत एक गाडी होती. रोज सकाळी चार माणसांनी ढकलल्याशिवाय सुरू व्हायची नाही. पण सुरू झाली की थेट पाटण. तिच्या जागी नवी कोरी आणली, ती पहिल्याच चढाला बसली."

"भाऊ, तुमच्या प्रत्येक गोष्टीत एक गाडी असते," बाई म्हणाल्या.

"तुमच्या प्रत्येक गोष्टीत एक ढ पोरगा असतो. मी कधी काही म्हटलं?"

"सर, तुम्ही सांगा," पराग माझ्याकडे वळला. "लॅपटॉप तुमचा. काय करायचं?"

मत विचारलं की माझ्या मनात दोन्ही बाजू एकदम उभ्या राहतात आणि दोन्ही खऱ्या वाटतात. इथे तर जनुभाऊ माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी त्यांच्याच घराचा सौदा करायला बसलोय.

"दुकानात दाखवून बघतो," मी म्हणालो.

"मी येतो बरोबर," जनुभाऊ लगेच म्हणाले. "तुम्ही दुकानदाराला 'नाही' म्हणणार नाही. दोन लॅपटॉप घेऊन याल."

बाजारपेठेत इरफानचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं लॅपटॉप उघडला आणि पंख्यातून धुळीचा एक गोळा काढून आमच्यासमोर ठेवला. सशाच्या पिल्लाएवढा होता.

"तीन गोष्टी करता येतील," तो म्हणाला. "एक, हा भंगारात द्या आणि नवा घ्या. दुसरी, आतली डिस्क बदलतो, मेमरी वाढवतो. मग असा पळेल की तुम्ही ओळखणार नाही. तिसरी, नुसता साफ करतो, आतलं सगळं पुसून परत भरतो. बंद पडायचा नाही सहसा. पण आहे तसाच राहील. हळू."

"दुसरं केलं तर गाणी वगैरे..." मी सुरुवात केली.

"तिसरं करा," जनुभाऊ म्हणाले.

"काका, दुसऱ्यात थोडंच जास्त लागेल. आणि फरक बघा केवढा पडेल."

"फरक नकोच आहे. फार वेगवान करू नका."

इरफाननं हातातला पेचकस खाली ठेवला. "असं आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आता मी सांगतोय की."

इरफाननं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. जनुभाऊ माझे पैसे वाचवताहेत असं मला वाटलं आणि बाहेर आल्यावर मी त्यांचे आभार मानले. 

"तुमचे पैसे," ते म्हणाले. "हां. तेच."

दोन दिवसांनी मी साफसूफ झालेला लॅपटॉप आणि शब्दकोशाचा खंड घेऊन तालमीला गेलो, तर माझ्या टेबलावर एक चंदेरी, पातळ लॅपटॉप उघडून ठेवलेला. परागनं हप्त्यांवर घेतला होता.

"सर, शब्दकोशाला आता सुट्टी," तो म्हणाला. "दाबून तर बघा."

मी दाबलं. बोट उचलायच्या आत सनई हॉलभर झाली. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं. किती महिने माझ्यामुळे सगळे खोळंबत होते. आता यापुढे माझं नाव कुणी घेणार नव्हतं, आणि नाव न घेतलं जाणं ही माझ्या दृष्टीनं मोठीच चैन होती.

तालीम सुरू झाली. जनुभाऊंचा हात रेडिओवर पडला, सनई वाजली. इतकी लगेच वाजली की त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. बाई त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. सनई लागली तशा त्या संहितेप्रमाणे खुर्चीत जाऊन बसल्या. आता जनुभाऊंनी रेडिओ बारीक करून बोलायचं होतं. ते रेडिओकडे बघत उभे राहिले. सनई वाजतच राहिली.

"भाऊ, वाक्य," पराग म्हणाला.

"हां हां. परत घे."

परत घेतलं. परत तेच झालं. तिसऱ्या वेळी परागनं स्वतःच वाक्य सांगितलं. त्यासरशी जनुभाऊ जे सुटले ते भाषण संपवूनच थांबले, एक शब्द इकडचा तिकडे नाही. दुपारच्या कार्यक्रमाला पुन्हा अडले, बातम्यांना पुन्हा. त्या दिवशी सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही.

गुरुवारी तालीम संपल्यावर पराग मला जिन्यात भेटला. माझ्यासाठीच थांबला होता.

"सर, तुम्हाला म्हणून सांगतो. मी विजय शेट्यांना विचारून ठेवलंय."

विजय शेटे चाळिशीचे. पांढरा टोप लावून म्हाताऱ्यांच्या भूमिका करायचे आणि बक्षिसं मिळवायचे.

"भाऊंच्या जागी?" मी विचारलं.

"रविवारपर्यंत बघतो. रविवारी तिन्ही भाषणं अडखळल्याशिवाय झाली तर भाऊ. नाहीतर विजयराव. त्यांना पाठ करायला तेवढे दिवस तरी मिळायला हवेत."

"भाऊंना सांगितलंस?"

"कसं सांगू? मला पहिल्यांदा रंगमंचावर त्यांनीच ढकललंय, सर. मी आत पळून जात होतो तर शर्टाला धरून ढकललंय." त्यानं जिन्याच्या कठड्यावर हात आपटला. "मला काय हौस आहे का? नाटक एकट्या माझं नाही. दोन वर्षं सगळे राबलेत."

मी घरी जाऊन वाचायला पुस्तक उघडलं आणि एकच पान परत परत वाचलं.

शुक्रवारी मी नेहमीच्या जागी बसलो. जनुभाऊ रेडिओकडे निघाले. आता मला चक्राकडे बघायचं कारण नव्हतं. नवा लॅपटॉप माझ्याकडून काहीच मागत नव्हता. म्हणून इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, त्या जागी, मी मान वर करून रंगमंचाकडे पाहिलं.

रेडिओ मागच्या कोपऱ्यात होता. जनुभाऊ त्याच्यावर वाकले. बाई त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. पराग समोर बसायचा. त्याला बाईंची पाठ आणि अंबाडा दिसत असणार. मला बाजूनं त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी जनुभाऊंच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात माझ्या बोटानं सवयीनं बटण दाबलं आणि सनई लागली. बाई बोलायच्या थांबल्या. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि संहितेप्रमाणे खुर्चीत जाऊन बसल्या. जनुभाऊ रेडिओकडे बघत उभे राहिले.

"भाऊ," पराग दमलेल्या आवाजात म्हणाला.

परतताना बाईंचा आणि माझा रस्ता बराचसा एकच होता. एरवी आम्ही त्या रस्त्यानं 'आज जरा गार आहे' याच्यापलीकडे गेलो नव्हतो. त्या दिवशी कन्याशाळेचं फाटक ओलांडल्यावर मी धीर केला.

"बाई, सनईच्या आधी तुम्ही भाऊंना काय सांगत होता?"

त्या चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही बघितलंत?"

"आजच."

"आणखी कुणी?"

"नाही. माझ्याच बाजूनं दिसतं."

त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "दिवाळीपासून चाललंय. नाटक पाठ आहे हो त्यांना, अक्षरन् अक्षर. फक्त सुरुवात सापडत नाही. पहिले तीन-चार शब्द हातात दिले की पुढचं सगळं धडाधड येतं. तुमचा लॅपटॉप उशीर करायचा, भाऊ रेडिओला थापा मारायचे, लोकांना मजा वाटायची, आणि तेवढ्यात मी सांगून मोकळी व्हायची. रेडिओ लागला की मला तिथं थांबता येत नाही." त्या थोड्या हसल्या. "वर्गात पाढे म्हणताना अडलेल्या पोराला मी कधी मदत केली नाही. आता करतेय."

"परागला सांगू या का? तो समजून घेईल."

"घेईल की. फार चांगला मुलगा आहे. आणि मग प्रत्येक वाक्याला भाऊंच्या तोंडाकडे बघत बसेल, आता अडतील, मग अडतील म्हणून. भाऊंना ते कळल्याशिवाय राहील? त्यांची सून परवा म्हणाली, बाई, तालीम असते म्हणून हे सकाळी उठून दाढी करतात. तालीम नसली की विचारतात, आज वार कोणता." त्या थांबल्या, त्यांचं घर आलं होतं. "तुम्ही कुणाला बोलू नका हं."

मी कुणाला बोलणार होतो? बोलण्यासाठी मी कधीच प्रसिद्ध नव्हतो.

शनिवारी मात्र मी बोललो. परागला गाठून म्हणालो, "मी काय म्हणतो, जुनाच लॅपटॉप लावू या का? साफ झालाय आता. त्याच्यात सनई जास्त... गोड वाटते."

"सर, सनई तीच आहे. मीच भरलीय दोन्हीत."

"तरी पण."

"पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीचा वास असतो तसं काहीतरी म्हणताय का?" त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाही सर. माझ्या काळजात आता निळ्या पडद्याला जागा नाही."

त्याचं बरोबर होतं. जुना लॅपटॉप कधी उशीर करील आणि कधी मान टाकील याचा भरवसा मलाही नव्हता. त्या संध्याकाळभर माझ्या डोक्यात एवढंच घोळत राहिलं, की जुन्यातलं जे हवं होतं ते फक्त उशीर करणं. आणि उशीर करायला यंत्र कशाला लागतं?

रविवार आला. जनुभाऊ रेडिओकडे गेले, कान पिळला. मी बोट बटणावर ठेवलं आणि दाबलं नाही. बाईंचे ओठ हलू लागले. जनुभाऊंनी सवयीनं एक थाप मारली. बाईंचे ओठ थांबले, जनुभाऊंचे खांदे खाली आले, आणि मी दाबलं.

भाषण असं आलं, की जिन्यात गप्पा मारणारे दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले. दुपारच्या कार्यक्रमालाही मी तेच केलं. बातम्यांनाही तेच.

तालीम संपल्यावर पराग तडक माझ्याकडे आला.

"सर, तिन्ही वेळा उशीर! नवा लॅपटॉप आणूनसुद्धा?"

"माझा हात जरा जड झालाय," मी म्हणालो. "वय."

"मग पडदा ओढणाऱ्या मंदारला बसवतो. तुम्ही फक्त त्याला खूण करा."

"नको."

"काय?"

"संगीत मीच देणार."

हे मी इतकं हळू म्हणालो की त्याला ऐकू गेलं नाही, आणि त्यानं पुन्हा विचारलं. दुसऱ्या वेळी माझा आवाज चिरकला. पण वाक्य पुरं झालं. परागनं माझ्याकडे जरा वेळ नवलानं पाहिलं. कॉलेजात दंड माफ करून घेताना सुद्धा त्यानं माझा असा आवाज ऐकला नव्हता.

"बरं, बरं. तुम्हीच द्या. चिडू नका," तो म्हणाला. मग मागे वळून जनुभाऊंकडे बघत, हळूच: "आज भाऊ बोलले मात्र झकास. तिन्ही ठिकाणी. नाही का?"

"बोलले ना."

"विजयरावांना नको म्हणून कळवतो." त्यानं सुस्कारा सोडला. मीही सोडला, त्याच्याहून मोठा.

सांगलीला जाताना मंडळाच्या गाडीत जनुभाऊ माझ्याशेजारी बसले. एरवी वाटेतल्या प्रत्येक थांब्याचं नाव पुकारून सगळ्यांना हसवायचे. त्या दिवशी गप्प होते. कासेगाव मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "तो चंदेरीच लावणार ना आज?"

त्यांचे हात मांडीवर होते. उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावर फिरत होता.

राखीव असावा म्हणून जुना लॅपटॉप माझ्या पिशवीत होता. मी पिशवीवर थोपटलं. "जुनाच लावणार आहे," मी म्हणालो. "परागला बोलू नका."

"खरं?"

"खरं."

"मग वेळ लागेल लागायला," ते म्हणाले आणि पहिल्यांदा सीटला पाठ टेकून बसले. थोड्या वेळानं त्यांनी पेठनाक्याचं नाव पुकारलं.

मी आयुष्यात फार थोडं खोटं बोललोय. जमत नाही म्हणून, सज्जन म्हणून नव्हे. हे एकदा बोललो ते निभावणं भाग होतं. विंगेत टेबलावर मी जुना लॅपटॉप मांडला, मागे शब्दकोश टेकवला, लॅपटॉप चालू मात्र केला नाही. रंगमंचावरून फक्त त्याची पाठ दिसणार होती. चंदेरी लॅपटॉप खाली स्टुलावर, माझ्या गुडघ्यांशी ठेवला, आणि ध्वनीची वायर त्याला लावली.

पडदा उघडला. नाट्यगृह भरलं होतं. परीक्षकांच्या टेबलावरचे तीन लहान दिवे मला विंगेतून दिसत होते. जनुभाऊंनी आत येताना एकदा माझ्या टेबलाकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

सनई ठीक गेली. थाप, बाईंचे ओठ, सनई, भाषण. भाषणाला टाळी पडली.

दुपार झाली. जनुभाऊंनी रेडिओचा कान पिळला, थाप मारली. बाई मागे आल्या, ओठ हलले. मी बोट ठेवून बसलो. जनुभाऊंनी किंचित मान हलवली. त्यांना सुरुवात सापडली नव्हती. बाईंचे ओठ पुन्हा हलले. जनुभाऊंनी पुन्हा मान हलवली.

समोरच्या विंगेत पराग दोन्ही हातांनी मला खुणा करत होता: लाव, लाव. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. बोट दुखायला लागलं तेव्हा मला कळलं की ते हवेतच धरलंय. आत्ता दाबलं तर उशीर माझा, आणि पुढचं अडखळणं जनुभाऊंचं. नाही दाबलं तर सगळा दोष माझा. एवढं साधं गणित होतं. मी दाबलं नाही.

प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. जनुभाऊ सरळ झाले, रेडिओकडे बोट दाखवून म्हणाले, "अगं, ह्याला तू काही बोललीस का? तोंडच उघडत नाही."

हे वाक्य नाटकात नव्हतं.

"मी कशाला बोलू?" बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखाच आहे तो. मनात आलं की बोलेल."

नाट्यगृह हसलं. परीक्षकांच्या टेबलावरचा एक दिवा हलला. जनुभाऊ पुन्हा रेडिओवर वाकले. "मग विनवणी करतो त्याची," असं म्हणून त्यांनी चक्क रेडिओला हात जोडले. हशा वाढला. त्या हशात बाई त्यांच्या कानाशी गेल्या आणि चार शब्द बोलल्या, एकेक तोडून, पहिलीच्या वर्गात सांगतात तसे.

जनुभाऊंचे खांदे खाली आले.

मी दाबलं. शेतीचा कार्यक्रम सुरू झाला, जनुभाऊंनी तो बारीक केला आणि बोलायला लागले. त्यानंतर मला फार काही आठवत नाही. बातम्यांचा रेडिओ मी बहुधा वेळेवर, म्हणजे उशिरा, लावला असणार. पडदा पडल्यावर टाळ्या सुरू झाल्या. मी स्टुलाशेजारी जमिनीवरच बसलो, लहानपणी परीक्षा संपल्यावर बसायचो तसा.

पराग धावत आला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार.

"सर," त्याला धाप लागली होती, "ते दुसऱ्या रेडिओचं! मी तिकडे मेलो होतो. पण लोक काय हसले! ते तसंच ठेवा. मी संहितेत लिहून घेतो." आणि मला उठवायचं विसरून तो तसाच पुढे जनुभाऊंना मिठी मारायला गेला.

गर्दी पांगल्यावर मी टेबल आवरायला लागलो. जनुभाऊ आले. चेहऱ्यावर रंग तसाच, धोतराचा सोगा हातात. बाई त्यांच्यामागे दोन पावलांवर होत्या. जनुभाऊंनी जुन्या लॅपटॉपकडे प्रेमानं पाहिलं आणि घोड्याला थोपटावं तसा त्याच्यावर तळवा ठेवला.

तळवा तिथंच राहिला.

"देवस्थळी," ते म्हणाले, "हा तर गार आहे हो."

मी वायर गुंडाळत होतो. ती गुंडाळतच राहिलो. जनुभाऊंनी वाकून टेबलाखाली पाहिलं. चंदेरी लॅपटॉप स्टुलावर होता, झाकण उघडं. ते सावकाश सरळ झाले. बाईंकडे पाहिलं, बाईंनी नजर चुकवली नाही. मग माझ्याकडे पाहिलं. रंगाच्या आड काय चाललं होतं ते मला ओळखता येईना, आणि मला वाटलं, आपण फार मोठी चूक केली, ह्या माणसाला त्याच्या तोंडावर उघडं पाडलं.

"पुढच्या फेरीत गेलो तर प्रयोग कोल्हापूरला ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तिथं बातम्यांना जरा जास्त थांबा. दुपारचं आज सापडलं, पण बातम्यांचं मला नक्की सांगता येत नाही."

"थांबेन," मी म्हणालो.

"किती थांबाल?"

"बाई खुर्चीकडे वळेपर्यंत."

जनुभाऊंनी मान डोलावली, आरशासमोर जाऊन बसले, आणि बारीक आवाजात काहीतरी गुणगुणत मिशा उतरवायला लागले.